तिन्ही जहाजांवर जेवणारा माणूस

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा नगरपालिकेच्या भांडारात गुणवंताभाऊ कळंबे यांनी सारी नोकरी काढली आणि तीन कोटेशनं आल्याशिवाय एक झाडूसुद्धा आत येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर नगरपालिका सुटली, कोटेशनं सुटली नाहीत. घरात कुकर घ्यायचा तरी पांढुर्णा, सौंसर आणि नागपूर अशा तीन गावांहून लेखी भाव यायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता व्हायचा, आणि तोवर पुष्पाबाई पातेल्यावर ताट झाकून डाळ शिजवायच्या. फ्रिज उन्हाळ्यासाठी म्हणून ठरला होता. तो घरात आला तेव्हा लोकांनी स्वेटर बाहेर काढले होते. पुष्पाबाई यावरून कधी भांडल्या नाहीत. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना दारूचं असतं, आमच्या इथे हे आहे, असं म्हणून त्या सोडून देत.

म्हणून दिवाळीनंतर एका सकाळी त्या चहाचा कप समोर ठेवून बोलल्या तेव्हा गुणवंताभाऊंनी आधी ते फारसं मनावर घेतलं नाही.

"मले समुद्र पाहाचा आहे," पुष्पाबाई म्हणाल्या. "काठावरून नाई. जहाजात बसून. थे टीव्हीवर दाखवतात तसं, आत जेवाची सोय असते तशा जहाजात."

"पाहू ना. तुझे गुडघे झाले की आरामात जाऊ."

पुष्पाबाईंचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. नागपूरच्या डॉक्टरनं संक्रांतीनंतरची तारीख दिली होती.

"गुडघ्याच्या आधी," त्या म्हणाल्या.

"काहून? समुद्र काय पळून चालला?"

"आधी म्हणजे आधी." एवढं बोलून त्या कप उचलून आत गेल्या. चहा अजून अर्धा होता, पण ते बोलायची सोय राहिली नाही.

पुण्याला राहणाऱ्या अश्विनीनं, म्हणजे लेकीनं, फोनवर सांगितलं, "बाबा, मी इथून बुक करून देते. दोन मिनिटांचं काम आहे." या वाक्यानं गुणवंताभाऊ दुखावले. दोन मिनिटांत झालेल्या खरेदीवर आक्षेप घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. "तू मधी पडू नको," ते म्हणाले, "काम रीतीनं होईन."

रीत म्हणजे तीन कोटेशनं. पहिलं पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळच्या विजयच्या ऑनलाइन सेंटरमधून आलं. दुसरं सौंसरहून त्यांचा साळा भूपेंद्र घेऊन आला, तिथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याशी त्याची ओळख होती. तिसरं नागपूरहून आलं. मुंबईहून निघायचं, गोवा आणि लक्षद्वीप पाहून परत मुंबईला यायचं, अशा तीन सहली, आणि तिन्हींची नावं एकाहून एक भारी: 'सागर सम्राज्ञी', 'अरबी महाराणी' आणि 'नीलकमल डिलक्स'. प्रत्येकीसोबत गुळगुळीत कागदावर जहाजाचे फोटो.

आता तुलना करायची तर समिती हवी. एकट्यानं निर्णय घेतला तर उद्या बोट दाखवायला जागा राहते. समितीत दोन सदस्य नेमले गेले. पहिले शेजारचे उत्तम गजभिये, पोस्टातून निवृत्त. ते दर सहा डिसेंबरला दादरला जात, त्यामुळे समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला समितीतला तो एकच माणूस होता. दुसरे समोरचे रामाजी, संत्र्याचे व्यापारी. त्यांना जहाजातलं काही कळत नव्हतं, पण मालातलं कळत होतं. बैठका गुणवंताभाऊंच्या ओसरीवर संध्याकाळी होऊ लागल्या. रामाजी येताना पिशवीभर संत्री आणत आणि चर्चा सोलण्यासोबत पुढे सरके.

"आमच्या धंद्यात," रामाजी पहिल्याच बैठकीत म्हणाले, "बगीच्यात फिरल्याबिगर सौदा नाई. चार झाडाचं तोडाचं, खाऊन पाहाचं, मंग बोलाचं. तुमी फोटोवर जहाज घेऊन राहिले. फोटोत तर माह्या बगीच्यात काश्मीर दिसते."

"जहाज इकत नाई घेऊन राहिलो रामाजी, बसून वापस याचं आहे," गुणवंताभाऊंनी समजावलं.

"तरी नमुना पाहाले पाहिजे."

नमुना मागवावा की नाही यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. जहाजाचा नमुना म्हणजे नेमकं काय मागवायचं, ते न ठरल्यामुळे मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला.

पुढच्या बैठकीत फोटो घेतले. 'महाराणी'चं जेवणघर सगळ्यांना आवडलं. 'सम्राज्ञी'चं त्यामानानं अरुंद वाटलं, म्हणून तिचे गुण कापले. 'नीलकमल'चा जिना फार उभा होता. पुष्पाबाईंचे गुडघे लक्षात घेता हा जिना धोक्याचा आहे असं उत्तमभाऊंचं म्हणणं पडलं, आणि जिना सगळीकडे उभाच असतो असं रामाजींचं. दोघांची बरीच जुंपली. तेवढ्यात पुष्पाबाई चहा घेऊन आल्या, ट्रे ठेवता ठेवता फोटोंवर वाकल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस तिन्ही जहाजावर जेवून राहिला."

सगळ्यांनी पाहिलं. खरंच होतं. तिन्ही जेवणघरांच्या फोटोंत पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला एक टक्कल पडलेला माणूस बसला होता. तोंडात मोठा घास, गाल फुगलेला, आणि कोणी मागून नाव घेऊन हाक मारावी तसं त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. एका फोटोत तो उजवीकडे होता, एकात डावीकडे, एकात मधोमध.

"मोठ्या लोकाचं असंच राहते," गुणवंताभाऊ म्हणाले. "आज या जहाजावर, उद्या त्या जहाजावर. त्याइले काय कमी आहे."

"सदरा बी तोच आहे," पुष्पाबाई म्हणाल्या.

"असंन त्याचा आवडता."

उत्तमभाऊंनी चष्मा वर करून बारकाईनं पाहिलं. "मले तर हा तपासणीवाला वाटते," ते म्हणाले. "सरकार ठेवत असंन असे लोक. जहाजाजहाजावर जाऊन जेवण तपासाचं." ही गोष्ट समितीला पटली. तिन्ही जहाजांवरचं जेवण अधिकाऱ्यानं तपासलेलं आहे, अशी नोंद झाली आणि जेवणाचा मुद्दा निकाली निघाला. पुष्पाबाई रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

त्याच संध्याकाळी गुणवंताभाऊंनी आपला आवडता किस्सा पुन्हा सांगितला, कारण विषय कोटेशनांचा होता. एका ठेकेदारानं पाइपांसाठी तीन दुकानांच्या नावानं तीन कोटेशनं आणली होती. लेटरहेड तीन, शिक्के तीन, सह्यासुद्धा तीन. पण तिन्हींत टाइप करताना एकच चूक एकाच जागी झाली होती. "मी ठेकेदाराले फक्त येवढंच म्हटलं," गुणवंताभाऊ म्हणाले, "का बापू, दुकानं तीन आहे तर चुकणारा माणूस एक कसा? त्या दिवसापासून पांढुर्ण्यात एका मालाले तीन नावं लावून मले कोणी फसवू शकला नाई." हे सांगताना जेवणाऱ्या माणसाचे तिन्ही फोटो त्यांच्या मांडीवर होते.

इकडे गावात बातमी फुटली होती. आमच्या भागात कोणी दूरच्या यात्रेला निघालं की त्याला रिकाम्या पोटी जाऊ देत नाहीत. घरोघरी जेवायला बोलावतात, पुरुषाला टोपी-दुपट्टा आणि बाईची ओटी होते, आणि वर आपल्या नावाचा नारळ देतात, तिकडे वाहायला. जहाजाची सहल यात्रेत मोडते की नाही हा प्रश्न निघाला होता. पण समुद्र म्हणजे देवच, असा निर्णय रामाजींच्या घरच्या अंबाबाईंनी दिला आणि पहिलं जेवणही त्यांनीच घातलं. पाटवड्यांचा रस्सा होता. मग उत्तमभाऊंच्या घरी भरीत आणि भाकर झाली. मग भजनी मंडळाच्या बायकांनी बोलावलं. बुकिंग झालेलं नाही हे सांगायची हिंमत गुणवंताभाऊंना होईना, कारण आता पोटात लोकांचं अन्न होतं. "कधी निघून राहिले भाऊ?" असं कोणी पंगतीत विचारलं की ते म्हणत, "फाइल पुढे गेली आहे," आणि आणखी एक पोळी घेत. घराच्या कोपऱ्यात नारळांचा ढीग वाढत चालला होता. प्रत्येक नारळावर पुष्पाबाईंनी देणाऱ्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

शेवटी समितीनं 'महाराणी'च्या बाजूनं कौल दिला आणि गुणवंताभाऊ विजयच्या सेंटरवर गेले. तिथे नवाच खोळंबा झाला. वेबसाइटवर जिल्हा निवडायचा होता आणि यादीत पांढुर्णा नव्हता.

"छिंदवाडा टाकू का काका?" विजयनं विचारलं.

"काहून टाकतो? आपला जिल्हा पांढुर्णा आहे."

"आहे ना. पण त्याइले माहीत नाई. तुमच्या आधारवर बी छिंदवाडाच आहे."

"आधार बदलाले टाकलं आहे." गुणवंताभाऊंचा आवाज चढला. छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा नवा जिल्हा झाला त्या दिवशी त्यांनी स्वतः फटाके फोडले होते. "आपण खोटं लिहून द्याचं, अन् उद्या समुद्रात काही झालं तर सरकार पाहीन छिंदवाड्यात. नाई जमत."

त्यांनी कंपनीला पत्र लिहून यादीत दुरुस्ती सुचवली. 'आपका सुझाव हमारे लिए महत्वपूर्ण है' असं उत्तर त्याच क्षणी आलं, त्यावरून काम लवकर होईल असा त्यांचा समज झाला. नंतर रोज ते सेंटरवर चक्कर मारू लागले. यादीत पांढुर्णा काही येईना. विजय दुसऱ्यांची कामं करता करता म्हणे, "काका, खोल्या भरून राहिल्या." गुणवंताभाऊ म्हणत, "भरू दे. रीत म्हणजे रीत."

डिसेंबर संपत आला. संक्रांतीच्या आधीची जहाजाची एकच फेरी राहिली होती. अशात अंबाबाईंनी त्यांना दुसऱ्यांदा जेवायला बोलावलं. दोनदा बोलवायची रीत नाही, त्यामुळे गुणवंताभाऊ जरा चक्रावले. जेवण झालं, पुष्पाबाई मागच्या अंगणात हात धुवायला गेल्या, आणि अंबाबाईंनी सुपारी कातरता कातरता विषय काढला.

"भाऊ, एक सांगू का? रागावजा नका."

"सांगा ना वहिनी."

"पुष्पा भेऊन राहिली. ऑपरेशनले. ते भूल देतात ना, त्यातून आपण उठलोच नाई तर, असं तिच्या मनात बसलं आहे. म्हणून तिले आधी समुद्र पाहाचा आहे. तुमाले बोलली नाई. म्हणे, त्याइले सांगितलं तर ते डॉक्टरचेच तीन कोटेशन आणतीन."

रामाजींनी मान खाली घातली. गुणवंताभाऊंच्या हातातली सुपारी हातातच राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी या बाईला काय काय वाट पाहायला लावली होती, ते सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. पुष्पाबाई पदराला हात पुसत आत आल्या तेव्हा ते म्हणाले, "चाल, घरी जाऊ." पुष्पाबाई रस्त्यानं हळूहळू चालत होत्या. एरवी ते चार पावलं पुढे असायचे. आज बरोबर चालले.

सकाळी विजयनं सेंटरचं शटर वर केलं तेव्हा गुणवंताभाऊ पायरीवर बसलेले होते.

"छिंदवाडा टाक," ते म्हणाले.

विजयनं छिंदवाडा टाकलं. मग तो थांबला. "काका, महाराणीत खिडकीची खोली नाई राहिली. सगळ्या गेल्या. आतली एकच आहे, बिनखिडकीची."

"मंग सम्राज्ञी पाहा."

विजयनं सम्राज्ञी पाहिली. "यात बी आतली एकच."

"नीलकमल?"

"आतली एकच." विजयनं खुर्ची फिरवली. "काका, खोलीचा नंबर बी तोच आहे. तिन्ही एकच जहाज आहे. सहलीवाले आपापलं नाव देतात. त्या फेरीले दुसरं जहाजच नाई."

गुणवंताभाऊंनी पडद्यावरचे तिन्ही नंबर बोट ठेवून स्वतः ताडून पाहिले. पाइपांचा ठेकेदार, तीन लेटरहेड आणि ती टाइपची चूक त्यांना आठवली. पट्ट्यांच्या सदऱ्यातला माणूसही आठवला. तो कोणी अधिकारी नव्हता. तो एकदाच जेवला होता, आणि तो एकच फोटो तिघांनी आपापल्या सोयीनं कापून वापरला होता. पुष्पानं फोटो पाहताक्षणीच सांगितलं होतं. 'महाराणी'चं जेवणघर 'सम्राज्ञी'हून ऐसपैस आहे, या ठरावावर त्यांची स्वतःची सही होती.

"करून टाक," ते म्हणाले. "अन् हे समितीले सांगू नको."

विजयनं सांगितलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या पांढुर्ण्याला कळलं होतं. रामाजी फक्त एवढंच म्हणाले की मी नमुना पाहा म्हणत होतो.

मुंबईत जहाजावर चढायच्या आधी सामान तपासलं तेव्हा नारळांची पिशवी उघडली गेली. तपासणीवाल्यानं हात जोडले. "काका, हे आत नेता येणार नाहीत. आणि समुद्रात काही टाकायचं नसतं."

"ठीक आहे. जमा करून घ्या," गुणवंताभाऊ म्हणाले. "पण पावती द्या."

"नारळांची पावती?"

"माल जमा झाला तिथी पावती होते. अन् त्यावर नावं आहेत, तेबी लिहा. लोकाची अमानत आहे."

मागे रांग वाढत गेली. सूटबूट घातलेला एक जण मोठमोठ्यानं उसासे टाकू लागला. शेवटी आतून साहेब आला, त्यानं एकदा गुणवंताभाऊंकडे आणि एकदा रांगेकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं पावती लिहून दिली. पुष्पाबाई खुर्चीवर बसून हे सगळं शांतपणे पाहत होत्या. त्यांना याची सवय होती.

खोलीत शिरल्यावर मात्र गुणवंताभाऊंचा धीर सुटला. खोली स्वच्छ होती, पलंग मऊ होता, आणि पलंगाच्या वर एक सुंदर निळा पडदा लावलेला होता. पुष्पाबाईंनी हौसेनं तो बाजूला ओढला. मागे भिंत होती.

त्यांनी पडदा पुन्हा नीट लावला. "कापड चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

"माही चूक झाली," गुणवंताभाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून घरात कधी निघालं नव्हतं, त्यामुळे ते जरा वाकडंतिकडं बाहेर आलं. "तुले खिडकीतून पाहाचा होता. मी दोन मिनिटाच्या कामाले दोन महिने लावले. अंबावहिनीनं सांगितलं मले, तू काहून म्हणत होती ते."

पुष्पाबाई पलंगावर बसल्या. "सांगणारच होती ती," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तिले सांगितलं होतं." मग गुडघे धरून उठल्या. "चाला, जेवणघरात. फोटोत खिडकी मोठी होती तिथी."

जेवणघरात काचेला लागून एक टेबल मोकळं होतं. पुष्पाबाईंनी खुर्ची काचेकडे वळवली, दुखरा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला आणि बाहेर पाहू लागल्या. नाश्ता झाला, जेवण झालं, चहा झाला, तरी त्या हलल्या नाहीत. पाणी आणि फक्त पाणी. गुणवंताभाऊंना यात एवढं पाहण्यासारखं काय आहे ते कळेना, पण ते विचारायचं नाही एवढं कळत होतं. ते वाढून आणत, खात, आणि पुष्पाबाईंसाठी पोळीचा तुकडा बाजूला ठेवत.

"काय दिसून राहिलं?" शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच.

"काहीच नाई," पुष्पाबाई म्हणाल्या. "कुठी थांबतच नाई हो हे. किती बी पाहा, पुढे आहेच. आता कापू दे त्याइले गुडघे. मले भेव नाई वाटत."

गुणवंताभाऊंना एकदम भरून आलं आणि ते लपवायला त्यांनी समोरचा गुलाबजाम अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला. त्याच वेळी कोणीतरी "सर!" अशी हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं. जहाजाचा फोटोवाला होता. फोटो निघाला होता. हा फोटो जाहिरातीत वापरला तर चालेल का, असं त्यानं विचारलं आणि सहीसाठी एक इंग्रजी कागद पुढे केला. गुणवंताभाऊंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. फोटोवाला तेवढ्यात दोनदा चहा पिऊन आला. मग सही झाली.

जहाज मुंबईला परतल्यावर पावती दाखवून नारळ सोडवले, तर एक जास्त निघाला. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. गुणवंताभाऊ तो परत करायला निघाले होते, भांडारात जास्तीचा माल ठेवणंही गुन्हाच. पुष्पाबाईंनी त्यांचा हात धरला. "आपल्या घरचा आणाचा राहूनच गेला होता," त्या म्हणाल्या. चौपाटीवर जाऊन त्यांनी एकेकाचं नाव घेत सगळे नारळ वाहिले आणि तो बिननावाचा शेवटी वाहिला.

ऑपरेशन नीट झालं. भुलीतून उठल्याबरोबर पुष्पाबाईंनी चहा मागितला.

पुढच्या दिवाळीनंतर रामाजींनीही जहाजाचं मनावर घेतलं. अंबाबाईंनी त्यांना दुसरा पर्याय ठेवला नव्हता. ते संत्र्यांची पिशवी आणि नव्या सहलींचे तीन कागद घेऊन गुणवंताभाऊंच्या ओसरीवर आले. आता नावं होती 'रत्नाकर', 'सिंधुराणी' आणि 'जलपरी गोल्ड'. उत्तमभाऊही येऊन बसले. रामाजींनी कागद पसरले आणि त्यांचा हात थांबला.

"भाऊ," ते म्हणाले, "तिन्ही जहाजावर तुमीच जेवून राहिले."

तिन्ही फोटोंत गुणवंताभाऊ होते, गाल फुगलेला, मागे वळून पाहणारे. उत्तमभाऊ हसता हसता ठसकले. गुणवंताभाऊंनी कागद हातात घेतले आणि जवळ धरले. त्यांच्या मागे, काचेशी, पुष्पाबाई पाठमोऱ्या बसलेल्या होत्या, पाय स्टुलावर, आणि त्यांच्यासमोर नुसतं पाणी. आत स्वयंपाकघरात पुष्पाबाई चालत होत्या. नव्या गुडघ्यांचा आवाज येत नाही, पण पाटल्यांचा येतो.

"सांगा मंग," रामाजी म्हणाले, "तुमी तिन्हीवर जेवले. कोणतं घ्याचं?"

"जेवण तिन्हीवर चांगलं आहे," गुणवंताभाऊ गंभीरपणे म्हणाले आणि कागद परत दिले. "उठा. विजयचं सेंटर उघडं असंन. खिडकीची खोली आजच घ्या. समिती वापस आल्यावर बसवू."